जुन्या पडद्यांत बांधलेला नाताळ

हॉर्न वाजला तरी मी हलले नाही.

लाकूड कापायच्या गिरणीच्या कुंपणालगत पाइनची झाडं आहेत. डिसेंबरात वारा सुटला की त्यांची सुकी बोंडं रस्ताभर पसरतात. मी रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसून ती ॲप्रनमध्ये गोळा करत होते. नदीकडून बारीक पाऊस येत होता, पडतो कमी आणि चिकटतो जास्त असा. मागे एक पांढरी व्हॅन येऊन थांबली होती. पुन्हा हॉर्न वाजला.

"आलं ऐकू," मी वळूनही न बघता म्हटलं. "आधीचाही आला होता."

काच खाली झाली. "सोनं सांडलंय का तिथे?"

"त्याहून कामाचं आहे. सोन्याने शेगडी पेटत नाही."

दार उघडल्याचा आवाज आला, आणि माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. कुरळे काळे केस, इस्त्रीचा शर्ट. नव्या पँटचे गुडघे चिखलात गेले, तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो बोंडं उचलून माझ्या ॲप्रनमध्ये टाकायला लागला.

"हे नको," मी म्हटलं. "दिसायला देखणं, पण आतून पोकळ."

"हे तू बोंडाला म्हणतेयस की मला?"

मग मी पहिल्यांदा वर पाहिलं. आणि पाहायला नको होतं असं वाटलं... कारण तो हसत होता, आणि ते हसू चांगलं होतं.

"मनोली," तो म्हणाला. "होबार्ट शहरातून आलोय. गावचा हॉल शोधतोय."

"मी ब्रायनी. हॉल पुढेच आहे, हिरव्या पत्र्याचा. व्हॅनमध्ये काय आहे?"

"नाताळच्या भेटी. तुमच्या गिरणीच्या कंपनीने पाठवल्यात, घरटी एक खोकं."

मी ॲप्रनची टोकं घट्ट धरून उठले. "मग मीही येते," मी म्हटलं. "हे मलाही बघायचंय."

आमचं गाव गिरणीवर जगलं होतं. ओंडके नदीकाठी यायचे, फळ्या होऊन बाहेर जायच्या, आणि माझा बाप डेस तिथल्या करवतींना धार लावायचा. पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला थंडी जुलैत पडते; तशा एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला, की उद्यापासून येऊ नका. समोर येऊन सांगायचं धाडस कंपनीतल्या एकालाही झालं नाही. त्यानंतर बाबा परसातल्या शेडमध्ये जाऊन बसले, आणि बोलणं त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलं.

हिवाळा सरला आणि नाताळ दिसायला लागला, तसा घराघरांत एकच घोर लागला. तेव्हा शेजारच्या मर्ल आंटीने सगळ्या बायकांना हॉलच्या स्वयंपाकघरात बोलावलं. आंटीचं वय सत्तरीपुढचं, जीभ त्याहून तिखट. ती म्हणाली, "यंदा कोणी दुकानात जायचं नाही. जे असेल ते हाताने करायचं, आणि मान खाली घालून करायचं नाही. ज्याला लाज वाटत असेल त्याने आताच घरी जावं."

कोणी गेलं नाही. मळ्यातून दबलेली, बाजारात न जाणारी रासबेरी मिळाली, तिचा जॅम झाला. मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून पाइनची बोंडं त्यात बुडवली, म्हणजे पुढच्या थंडीत शेगडी झटकन पेटेल. हॉलचे जुने फुलाफुलांचे पडदे कापून वेष्टनं झाली. आणि बाबांनी, कोणी न सांगता, शेडमधल्या तुकड्यांची लाकडी बदकं करायला घेतली.

तर अशा त्या स्वयंपाकघरात मनोली पहिलं खोकं घेऊन शिरला. शेगडीवर जॅम रटरटत होता. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

खोक्याला कंपनीचं नाव छापलेली लाल फीत होती. आत डबाबंद हॅम, चॉकलेटं, प्लॅस्टिकमधलं पुडिंग. आणि वर एक टोपी, तिच्यावरही कंपनीचं नाव.

"टोपी?" मर्ल आंटी म्हणाली. "नोकरी काढून घेतली आणि टोपी दिली. डोकं झाकायला बरी आहे, नाही का?"

मनोलीचे कान लाल झाले. पण शोना पुढे आली. तिची तीन पोरं बाहेर खेळत होती. "आंटी, मी घेणार आहे," ती हळूच म्हणाली. "पोरांना चॉकलेट हवंय. मला नाही परवडत हट्ट."

तिला बोलायचा अधिकार कुणाला होता? शोनाने खोकं उचललं, आणि मनोलीने खिशातून कॅमेरा काढला.

"हे काय?"

"फोटो," तो म्हणाला. "प्रत्येक घराचा एक, भेट हातात धरून. कंपनीच्या पुस्तिकेत छापायचाय. फोटो नसेल तर... खोकं देऊ नको म्हणालेत."

शोना त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मग तिने खोकं परत टेबलावर ठेवलं, सावकाश, जसं काही आत काच होती.

"चॉकलेटचं बघू काहीतरी," ती म्हणाली, आणि जॅम ढवळायला गेली.

मी मनोलीसाठी दार उघडून धरलं. तो बाहेर आला आणि व्हॅनपाशी थांबला.

"मी नवीन आहे तिथे," तो म्हणाला. "हे परत नेलं तर मला हाकलतील."

"मग इथे ये. इथे हाकललेल्यांना सोबत भरपूर आहे."

तो हसला नाही. पण व्हॅन सुरू करण्याआधी त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. स्वतःच्या खिळखिळ्या गाडीतून, मागच्या सीटवर पिठाचं पोतं आणि लोणी.

"पगारातून घेतलंय," मी विचारायच्या आत तो म्हणाला. "फीत नाही. बघून घे."

"आणि खोकी? ऑफिसात काय सांगितलंस?"

"म्हटलं, घरी कोणी नव्हतं."

मी हातातला कलथा खाली ठेवला. "आम्ही घरीच होतो, मनोली. सगळ्या होतो. आम्ही नको म्हटलं. तसं सांग."

"फरक काय पडतो? खोकी परत गेली ना?"

"तुला नाही पडत. आम्हाला तेवढंच उरलंय—नाही म्हणणं. तेही तू पुसून टाकलंस."

मला वाटलं जाईल. पण त्याने बाह्या वर केल्या आणि हात धुतले. "आईच्या हाताखाली एक गोष्ट शिकलोय. करून दाखवू?"

आमच्या स्वयंपाकघरात असं पुरुषाला पीठ मळताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याने लोणी फेसून पांढरंशुभ्र केलं, भाजलेले बदाम घातले, हलक्या हाताने चंद्रकोरी वळल्या, आणि भाजून निघाल्यावर त्यांच्यावर पिठीसाखरेचा असा पाऊस पाडला की टेबल दिसेना. कुराबियेदेस, त्याच्या घरची ग्रीक नाताळ बिस्किटं, तो म्हणाला.

"कुरा—काय?"

"कुराबियेदेस."

"कुरबुरीदेस."

"तुझ्या तोंडी तेच शोभतं," तो म्हणाला. मर्ल आंटी एवढी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

मग तो येतच राहिला, काम सुटलं की थेट. जॅमच्या बाटल्या पुसायचा, पडद्यांच्या गाठी मारायचा, शोनाच्या पोरांना पिठाच्या मिशा काढायचा. गाठी त्याच्या सगळ्या वाकड्या. मी सोडून पुन्हा बांधायचे, आणि तो म्हणायचा, "मुद्दाम वाकडी मारतो. तू जवळ येतेस म्हणून."

"जवळ आले म्हणून हुरळून जाऊ नकोस. माझ्या हातात कात्री आहे."

"बघितलीय. तरी उभा आहे ना?"

एका संध्याकाळी सगळ्या गेल्या होत्या. उन्हाळ्यातला आमचा उजेड लांबत जातो, हॉलच्या खिडकीतून नदीवरचं सोनेरी पाणी दिसत होतं. आम्ही दोघं शेवटचा डबा भरत होतो. त्याच्या भुवईवर पिठीसाखर होती. मी बोटाने ती पुसली, आणि बोट तिथेच राहिलं... त्याने श्वास रोखला. मीही. लोणी, बदाम आणि त्याच्या शर्टाचा उन्हाचा वास.

"मनोली," मी विचारलं, "सांगितलंस ऑफिसात?"

त्याने डोळे मिटले. "अजून नाही."

मी हात मागे घेतला. "मग तोंड धू आणि जा."

"ब्रायनी, वडील गेल्यापासून घर माझ्यावर चालतं. मला भीती वाटते."

"वाटू दे ना. मला काय वाटत नाही? रोज सकाळी वाटते. पण माझा बाप घरात होता, आणि तो नव्हता असं कुणी लिहून ठेवलेलं मी चालवून घेणार नाही. तू सुद्धा नाही. तू तर मुळीच नाही."

गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी नळ सोडून उभी होते. रडत नव्हते. भांडी घासत होते, जरा जास्तच जोरात.

नाताळच्या आदल्या रविवारी, दुपारी, आमचा भेटींचा कार्यक्रम होता. प्रत्येक घराने एका घराच्या नावाची चिठ्ठी उचलली होती, त्या घरासाठी भेट करायची. हॉल भरला होता. पोरांच्या हातात बाबांची बदकं आली होती, रंग न दिलेली, कारण रंग शेवटच्या क्षणी मिळाला. टेबलांवर जॅम, शॉर्टब्रेडची लोण्यातली बिस्किटं आणि फुलाफुलांची गाठोडी.

तेवढ्यात दारात पांढरी व्हॅन थांबली. मनोली चालवत होता. शेजारून कंपनीचा मोठा साहेब क्लाइव्ह उतरला, आणि मागच्या गाडीतून कॅमेरा घेतलेली वर्तमानपत्रातली बाई.

"मंडळी," क्लाइव्ह दारातूनच म्हणाला, "मागच्या वेळी आमची भेट आली तेव्हा तुम्ही कोणी घरी नव्हता असं कळलं. म्हटलं, स्वतःच जावं."

मी मनोलीकडे पाहिलं. बोलायला माझी जीभ शिवशिवत होती, पण मी दात आवळले. हे माझं बोलायचं नव्हतं.

त्याच्या हातात खोकं होतं. ते त्याने खाली ठेवलं.

"होते," तो म्हणाला. "सगळे होते, क्लाइव्ह. त्यांनी नको म्हटलं. भेटीला नाही, फोटोला. मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि त्यांच्याबद्दलही."

वर्तमानपत्रवाल्या बाईची मान झटकन वर झाली. क्लाइव्हचा चेहरा हळूहळू रासबेरीच्या रंगाचा झाला.

"आपण हे ऑफिसात बोलू," तो पुटपुटला.

"इथेच बोला," मागून आवाज आला. माझे बाबा. कित्येक महिन्यांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "आम्हाला काढलंत तेव्हा फोनवर बोललात. आज समोर आलात, तर समोरच बोला."

तेवढ्यात मर्ल आंटी उठली. तिने टेबलावरची जॅमची एक बाटली उचलली, पडद्याच्या कापडात बांधलेली, वर गावाचं नाव लिहिलेली, आणि सावकाश चालत जाऊन त्याच्या हातात ठेवली.

"आमच्या नाताळाला कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही," ती म्हणाली. "घ्या. हाताने केलाय." मग ती त्या बाईकडे वळली. "तुम्हाला फोटो हवा होता ना? हा काढा. सरळ उभे राहा, क्लाइव्ह. भेट नीट धरा, नाव दिसायला हवं."

बाईने फोटो काढला. एक नाही, चांगले चार-पाच. क्लाइव्ह बाटली धरून उभा, आणि त्याच्या बाजूला आमची मर्ल आंटी, हनुवटी वर.

"खोकी..." तो शेवटी म्हणाला. "खोकी ठेवून जाऊ का?"

सगळ्यांनी शोनाकडे पाहिलं. ती पुढे झाली, कात्री घेतली, खोक्यावरची लाल फीत कापून त्याच्या हातात दिली. टोपीही दिली. "आता ठेवा," ती म्हणाली.

क्लाइव्हने मनोलीकडे किल्लीसाठी हात पुढे केला. "उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. हे एक बरं, या वेळी समोर सांगितलं. मग स्वतःच व्हॅन चालवत गेला, बाटली पुढच्या काचेपाशी ठेवून.

मनोली पायरीवर उभा राहिला, हात खिशात घालून. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"नोकरी गेली," तो म्हणाला.

"ऐकलं."

"गाडी होबार्टला आहे. बस रविवारी नसते."

"माहीत आहे."

"आईला काय सांगायचं ते सुचत नाहीये." त्याने माझ्याकडे पाहिलं. "पण ब्रायनी... हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस."

"नाही ना?"

"नाही. तुझ्यासाठी केलं असतं तर तू मला फाडून खाल्लं असतंस. मला ते खोटं पचेना झालं होतं... म्हणजे, सहन होईना. तुझ्यासाठी वेगळंच आहे. मी प्रेमात पडलोय. ते केव्हाचं, ते रस्त्यात बसलो होतो तेव्हाचं. तेवढंच सांगायचं होतं. आता तू कात्री आण हवं तर."

टोचून बोलायची मला सवय, शब्द तयारच होते. ते मी गिळले आणि त्याच्या आणखी जवळ सरकले.

आतून बाबांनी हाक मारली. "ए, होबार्टवाल्या. रंगवता येतं का? अजून बदकं बाकी आहेत."

"येत नाही," मनोली म्हणाला.

"मग शीक. वेळ आहे आता तुझ्याकडे."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मी त्या शहाण्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याला जवळ ओढलं. पायरीवर, भर दुपारी, हॉलच्या उघड्या दारात.

मागे पोरं ओरडली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रवाल्या बाईचा कॅमेरा पुन्हा वाजला.

सगळं गाव बघत होतं. बघू दे.