बंद भट्टीची वाफ

चक्रीवादळ दुपारपर्यंत उत्तरेला सरकलं, पण जाता जाता त्याने कातळवेळ गावच्या डोंगरावरचे विजेचे मनोरे आडवे केले. तयार झालेली वीज बाहेर न्यायला वाटच उरली नाही, तेव्हा गावाच्या टोकाला असलेली छोटी अणुभट्टी (अणू फोडून मिळणाऱ्या उष्णतेवर वीज तयार करणारं यंत्र) आपोआप बंद झाली. एक लांब भोंगा वाजला. त्याचा अर्थ गावातल्या लहान मुलांनाही पाठ होता: भट्टी थांबली आहे, सगळ्यांनी घरातच थांबा.

आणि मग थोड्या वेळाने, बंद झालेल्या त्या भट्टीच्या छपरावरून पांढरी वाफ निघू लागली.

सातवीतल्या मुक्ता तांडेलने ती माडीच्या खिडकीतून पाहिली. चूल विझवली की भांडं निवत जातं, एवढं तिला ठाऊक होतं. मग विझलेल्या भट्टीची वाफ वाढत कशी होती? त्यातून तिची आई आत होती. वैदेही तांडेल त्या दिवशीच्या पाळीची प्रमुख होती, आणि फोन तर सकाळपासूनच बंद पडले होते.

शेजारचे भिकाजीकाका दाराशी आले. भट्टी फुटणार असं पलीकडच्या आळीत लोक बोलत होते, म्हणून त्यांनी होडी तयार ठेवली होती. मुक्ताने आणि घरातल्या मावशीआजीने लगेच चलावं, असा त्यांचा आग्रह होता. समुद्र अजून खवळलेलाच होता; लाटांचा आवाज घरात ऐकू येत होता. आईला सोडून मी कुठेही येणार नाही, असं मुक्ताने सांगितलं आणि ती धावत आतल्या खोलीत मावशीआजीकडे गेली.

मावशीआजी म्हणजे तिच्या आईची मावशी. अशा भट्ट्यांचे आराखडे करण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. गुडघ्यांमुळे तिला माडी चढवत नसे, त्यामुळे वाफ तिने पाहिलीच नव्हती. तिने एकच विचारलं, "वाफ भिंतीतून येतेय, की छपरावरच्या मोठ्या नळातून?"

"नळातून. सरळ वर जातेय."

मावशीआजीने खुर्चीचा हात सोडला. तो तिने किती घट्ट धरला होता, ते मुक्ताला तेव्हा कळलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "वाफ दिसली नसती, तर मात्र मी घाबरले असते."

मुक्ताला हे उलटंच वाटलं. तेव्हा मावशीआजीने तिला जवळ बसवून सांगायला घेतलं. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे होतात आणि पुष्कळ उष्णता मिळते. भट्टी बंद केली की नवे अणू फुटणं थांबतं. पण आधी झालेले तुकडे अस्थिर असतात. ते स्थिर होईपर्यंत थोडी थोडी उष्णता सोडत राहतात. तिला क्षय-उष्णता (अस्थिर अणू शांत होताना निघणारी उष्णता) म्हणतात. शेणखताच्या ढिगात हात घातला तर आत गरम लागतं, तिथे कुणी जाळ केलेला नसतो. कारण वेगळं असलं, तरी प्रकार तसाच. सुरुवातीला ही उष्णता पूर्ण शक्तीच्या शंभरातले सहा-सात भाग असते, काही तासांत ती एका भागाच्या आसपास येते.

"पण तेवढीसुद्धा बाहेर काढावी लागते, नाहीतर इंधन वितळेल," मावशीआजी म्हणाली.

"पंपाने? पण वीज तर गेली आहे."

मावशीआजीने तिला गॅसवर पातेलं ठेवायला लावलं, ज्योत एका कडेला येईल असं. पाण्यात चिमूटभर चहापूड टाकली. जरा वेळाने ज्योतीच्या बाजूचे कण वर चढू लागले, पलीकडे सरकले आणि तिथून खाली उतरून परत ज्योतीकडे आले. कुणी ढवळत नव्हतं. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, गार झालेलं जड होऊन खाली येतं. याला नैसर्गिक अभिसरण (पंपाशिवाय पाण्याचं आपोआप फिरणं) म्हणतात.

भट्टीच्या वर एक प्रचंड टाकी होती. भट्टीतलं पाणी बंद नळ्यांतून त्या टाकीत चढत होतं, आपली उष्णता टाकीतल्या पाण्याला देत होतं आणि गार होऊन खाली येत होतं. दोन्ही पाणी कुठेही मिसळत नव्हतं. उकळत होतं ते टाकीतलं साधं, स्वच्छ पाणी. वाफ दिसते आहे, म्हणजे उष्णता ठरल्या वाटेने बाहेर पडते आहे.

मुक्ता दाराशी गेली. गावातल्या प्रत्येक घराच्या चौकटीला किरणोत्सर्ग (अस्थिर अणूंमधून बाहेर पडणारी ऊर्जा) मोजणारी, बॅटरीवर चालणारी डबी लावलेली होती. आकडा रोजच्यासारखाच होता. तिने भिकाजीकाकांना तो दाखवला आणि पातेल्यापासून टाकीपर्यंत सगळं सांगितलं. काकांनी आकड्याकडे बघितलं, मग समुद्राकडे.

"अंधार पडेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "आकडा हलला तर मी कुणाचं ऐकणार नाही."

आकडा हलला नाही.

दिवेलागणीला पाळी बदलली आणि आई चिखलातून चालत घरी आली. मुक्ताने तिला अशी मिठी मारली की आईला चपलाही काढता येईनात. आत काय केलं, असं मावशीआजीने विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "काटे बघत बसलो. काम सगळं पाणीच करत होतं." आणि मग हळूच म्हणाली, "वाफ सुरू होईपर्यंत माझेही हात गार पडले होते."

जेवताना मुक्ताचे प्रश्न संपेनात. टाकीतलं पाणी आटलं तर? ते तीन दिवस पुरतं, आई म्हणाली. तोवर उष्णता इतकी उतरते की साध्या अग्निशमन बंबाने टाकी भरली तरी भागतं. पुढच्या भट्टीत तर टाकी आटल्यावर नुसता वाराही पुरेल, असा आराखडा तयार होत होता. तपासणी होईपर्यंत दवाखान्याला आणि नळयोजनेला छपरांवरची सौर पॅनेल आणि समुद्रातल्या पवनचक्क्या वीज देणार होत्या. एकावरच सगळा भार टाकायचा नाही, असं गावाने आधीच ठरवलं होतं.

"आणि वापरून झालेलं इंधन? ते किती वर्षं सांभाळायचं?" मुक्ताने विचारलं.

"हजारो वर्षं. त्यावर अजून खूप काम व्हायचंय. त्याचं असं आहे, की आधी ते पाण्याच्या हौदात..." आई बोलता बोलता थांबली. भिंतीला टेकून तिला झोप लागली होती.

मुक्ताने तिच्या हातातली वाटी अलगद काढून घेतली आणि अंगावर चादर घातली. उरलेलं उद्या विचारता येणार होतं. उद्या आई दिवसभर घरीच असणार होती.