वाचायलाच हवीत अशी वीस पुस्तकं

सुट्टीच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता वाचनालयाच्या बालविभागात सदतीस मुलं होती, एकवीस आया, तीन आजोबा, एक पंखा, आणि धरण कसं बांधतात यावरच्या दोनशे बारा पानी पुस्तकाची एक प्रत. सदतीसही जणांना तीच हवी होती.

पुस्तकताईनं कपाळाला हात लावला. मुलं तिला याच नावानं हाक मारायची, आणि आज सगळी एकदम मारत होती. प्रत्येक आईच्या हातात शाळेनं छापलेला कागद होता: 'तिसरीच्या मुलांनी सुट्टीत वाचायलाच हवीत अशी वीस पुस्तकं'. धरण पहिल्या क्रमांकावर, म्हणून सुरुवात धरणापासून. यादीतल्या बाकीच्या पुस्तकांचीही एकेकच प्रत, त्यातल्या सहा बांधणीला गेलेल्या. तिनं दुसरं काही सुचवून पाहिलं, तर एक आई म्हणाली, "ते यादीत नाहीये ना, ताई," आणि मुलाचा दंड धरून दाराकडे वळली.

पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं गेलेलं मूल वर्षभर इकडे फिरकत नाही, हे पुस्तकताईनं सात उन्हाळे पाहिलं होतं. यादी करणारा भेटला तर त्याला याच खोलीत कोंडून ठेवायचं, असं ती ठरवत होती, तेवढ्यात दारात एक उंच माणूस उभा राहिला. एक मुलगी "सर" म्हणाली आणि खोली गप्प झाली.

पुस्तकताईनं त्याला लगेच ओळखलं. थंडीत चार शनिवार हाच इथे यायचा. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसायचा आणि प्रत्येक पुस्तकाचं फक्त शेवटचं पान उघडायचा. शेवट आधी वाचणारा माणूस, म्हणून तिनं त्याला मनातल्या मनात नापास केलं होतं. तो यायचा थांबल्यावर दोन शनिवार दाराकडे बघितलं होतं... ती गोष्ट वेगळी.

"यादी तुमची?"

"हो. नीट अभ्यास करून केलीय."

अभ्यास असा होता: शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते. ज्या पुस्तकावर जास्त शिक्के, ते मुलांचं जास्त आवडतं. धरणावर सगळ्यात जास्त, एकशे चौदा.

तिनं धरण उघडून चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. "महिने वाचा, सर."

त्यानं वाचले. सगळे शिक्के उन्हाळी सुट्टीतले होते. त्याच्या आधी तिसरीला शिकवणाऱ्या बाई बारा वर्षं हीच पुस्तकं सक्तीनं न्यायला लावायच्या, हे तिनं त्याला एका दमात सांगितलं, आणि बेचाळिसावं पानही दाखवलं. तिथपर्यंतची पानं मळलेली, त्यापुढचं धरण कोरं करकरीत होतं.

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे मी मुलांची आवड मोजलीच नाही."

"नाही. बाईंचा हट्ट मोजलात."

पण हुज्जत घातली नाही त्यानं, एवढं तिला मान्य करावं लागलं. तो सरळ जमिनीवर बसला आणि मुलांना म्हणाला, हवं ते पुस्तक काढा, उभ्यानंच एक पान वाचा, पान उलटावंसं वाटलं तर ते तुमचं. मग प्रत्येक कागदावर त्यानं छापील यादी खोडून मुलानं निवडलेलं नाव लिहिलं आणि सही केली. दारातली आई परत आली. तिच्या मुलानं गांडुळांवरचं पुस्तक उचललं, तिनं सरांकडे पाहिलं, सरांनी सही केली. पान उलटत ते पोर दारापर्यंत तीनदा धडपडलं.

एक वाजता खोली रिकामी झाली. तो पुस्तकं परत लावायला लागला... तीही चुकीच्या कपाटात. तिनं त्याच्या हातातून गठ्ठा काढून घेतला.

"एवढ्या चिठ्ठ्या बघायला किती वेळ लागला होता?"

"तीन तास."

"मग चार शनिवार कशाला आलात?"

त्यानं पंख्याकडे पाहिलं. "काम पहिल्याच शनिवारी झालं होतं. पुढचे तीन... पडताळा घेत होतो."

"कशाचा?"

"तुम्ही दर शनिवारी असता का, याचा."

"मी इथे नोकरी करते. असतेच."

"हो. तेही मोजमाप चुकलंच."

ती हसणार नव्हती. गठ्ठा हनुवटीशी धरून तिनं विचारलं, "आणि मग एकदम यायचं बंद का केलंत?"

"निमित्त संपलं."

"सर, एक पुस्तक न्यायचं, परत द्यायला यायचं, दुसरं न्यायचं... अख्खं वाचनालय याच्यावर चालतं. तुम्हाला सुचलं नाही?"

"नाही."

"मला सुचलं होतं," ती वैतागून म्हणाली. "पण मी कशी सांगणार?"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. त्यानं तिच्या हातातला अर्धा गठ्ठा परत घेतला, आणि या वेळी कपाट कुठलं ते आधी विचारलं.

दीड वाजता दोघं कुलूप लावून निघाले. वाचनालयापासून बसथांबा चारशे वीस मीटरवर आहे. ते अंतर चालायला त्यांना सत्तेचाळीस मिनिटं लागली.