अठराव्या मिनिटाचं कोडं

"गेली! लाइट गेली!" सुगत ओरडला.

"घड्याळ लाव, पटकन!" श्रावस्तीनं वही उघडली.

दिल्लीतल्या आर. के. पुरममधल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये पंखा थांबला, कूलर थांबला. चालू राहिला तो फक्त काशीनाथ आजोबांचा जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला टेपरेकॉर्डर. बाहेर केबलसाठी रस्ता खणलेला, त्यामुळे सुट्टी लागल्यापासून लाइट दिवसातून तीनदा तरी जायचीच. आणि आजोबांना तर आपल्या जुन्या कॅसेटमधली गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची होती! एक बाजू वाजायला पाऊण तास. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर वीज पुरवणारा डबा, जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा. म्हणून वरच्या मजल्यावरच्या हरीशकाकांनी त्या डब्याला इन्व्हर्टरची भलीमोठी बॅटरी जोडून दिली होती. "आता चार तास बघायला नको!" असं छातीठोकपणे सांगितलंही होतं.

"सोळा... सतरा..." मैत्रेयी मोजत होती. ती हरीशकाकांचीच मुलगी.

टीं टीं टीं! पडदा काळा.

"पुन्हा अठरा मिनिटं!" श्रावस्ती वैतागली. "काय यार!"

आजोबांनी टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून ठेवली. टेबलावर शेवटची कॅसेट होती, त्यांच्या आईच्या आवाजाची. हा आवाज त्यांनी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. फीत इतकी जुनी झाली होती, की दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं, "एकदाच चालेल. मध्येच थांबली, तर तुटलीच समजा."

हरीशकाका आले आणि डब्याकडे न बघताच म्हणाले, "बॅटरी खराब निघाली. उद्या बदलून आणतो आणि लगेच आईंची कॅसेट लावू! मुलांनो, तुम्ही हात लावू नका हं."

ते गेले. श्रावस्ती मात्र वहीतले आकडे पुन्हा बघू लागली. दोष बॅटरीचा नसलाच तर? नवी बॅटरीही अठराव्या मिनिटाला झोपली, तर पणजीचा आवाज कायमचा गेला!

तिनं वही पुढे सरकवली. "हे बघा. सोमवारी अठरा, मंगळवारी सतरा, गुरुवारी अठरा. आणि शुक्रवारी?"

"एक तास दहा मिनिटं!" मैत्रेयीचे डोळे विस्फारले. "तेसुद्धा लाइट आली म्हणून मोजणं थांबवलं!"

"खराब बॅटरी फक्त शुक्रवारी कशी बरी होते?"

"शुक्रवारी तिला सुट्टी असेल," सुगत म्हणाला.

"गप रे! शुक्रवारी घरात काय वेगळं होतं, ते आठव."

"माझा लाल टी-शर्ट नव्हता. आजीनं सगळं धुवायला काढलं होतं ना!"

"सगळं म्हणजे काय काय?"

तिघांची नजर एकदमच वळली. यूपीएसवर लीलाबाई आजीनं शिवलेलं कव्हर होतं. कापूस भरलेलं, गुलाबाच्या फुलांचं, वर झालर! आजीनं फ्रिजला, मिक्सरला, अगदी रिमोटलासुद्धा कव्हर शिवलं होतं. या घरात उघडं राहायची परवानगी फक्त माणसांना होती.

श्रावस्तीनं कव्हराखाली बोट घातलं. "आई गं! केवढा चटका!"

"अच्छा!" मैत्रेयी उडालीच. "दहा मिनिटं काम करणारा डबा. मोठ्या बॅटरीमुळे तो तास तास राबतोय. तापणारच!"

"आणि आपण त्याला मे महिन्यात गोधडी पांघरली!" सुगत खो खो हसला. "म्हणून बिचारा स्वतःच बंद पडतो."

दुसऱ्या दिवशी हरीशकाका बॅटरी न्यायला हजर! खाली रिक्षाही उभी.

"काका, आधी कव्हर काढून बघू या ना," श्रावस्ती म्हणाली.

"अगं, कव्हरानं काय होतंय? चला, वेळ नाही मला."

"बाबा," मैत्रेयी शांतपणे म्हणाली, "तपासल्याशिवाय काही बदलायचं नाही, असं फोनवर ऑफिसच्या लोकांना रोज कोण ओरडतं?"

काकांनी डोकं खाजवलं आणि रिक्षा परत पाठवली. कव्हर निघालं, लाइट गेल्यासारखं व्हावं म्हणून भिंतीवरचं बटण बंद झालं. अठरा मिनिटं गेली. वीस. चाळीस. पन्नास! पडदा लखलखीत!

"कमाल आहे!" काका पुटपुटले.

"धूळ बसते म्हणून शिवलं हो मी," आजी ओशाळली.

बटण पुन्हा चालू झालं. आजोबांनी जपून आईची कॅसेट लावली. गाणं सुरू झालं. पाच मिनिटं झाली असतील नसतील, तोच फट्! लाइट गेली!

श्रावस्तीनं डब्याला बोट लावलं. मघाच्या तपासणीत तो आधीच तापला होता! "वारा घाला!"

आजीनं हातपंखा आणला, सुगतनं भूगोलाचं पुस्तक, मैत्रेयीनं वर्तमानपत्र. हरीशकाका तर आपला शर्टच काढून वारा घालू लागले! घामाच्या धारा लागल्या, हात भरून आले, पण कुणी थांबलं नाही. गाण्यामागून गाणं उतरत गेलं. आणि शेवटी, गाणी संपल्यावर, फितीतून एक थकलेला, मायेचा आवाज आला.

"काशी, ठेव आता ते मशीन. भाकर थंडी होऊन राहिली. जेव अगोदर."

खट्. बाजू संपली.

आजोबांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "पोरांनो, माझी माय परत आणलीत तुम्ही!"

"मी नुसती बॅटरी बदलून मोकळा झालो असतो," काका म्हणाले. "शाब्बास! खरे इंजिनिअर तुम्हीच!"

आजी डोळे पुसत पानं वाढायला निघाली. "अजून साडेअकराच वाजलेत, आजी," सुगत म्हणाला.

"वाजू देत," आजोबा उठले. "आईनं सांगितलंय, जेव अगोदर. चला!"