मंद आचेवरचे रविवार

"पाण्यावर चालवून बघू नका. पाण्याला काय कळतं?"

हा आवाज पहिल्यांदा कानी पडला त्याला आता आठ वर्षं होत आली. मी तेव्हा दुकानाच्या काउंटरखाली पालथी पडून निसटलेला एक इवलासा स्क्रू शोधत होते, म्हणून आवाज आधी आला आणि माणूस मागाहून. जरा बसलेला आवाज, तापातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. पण त्यात कुठेतरी एक हसू उभं होतं, खिशात हात घालून.

"मग कशावर चालवायचं?" मी खालूनच विचारलं.

"कोंबडीवर. लिंबू, लसूण, टोमॅटो, ऑलिव्ह... सहा तास. तेव्हा कळेल, बरा झालाय की नाही."

"इस्त्री दुरुस्त केली की आम्ही गिऱ्हाइकाचे शर्टही इस्त्री करून देतो का?"

"देऊन बघा. गिऱ्हाइकं वाढतील."

मी उठायला गेले आणि ड्रॉवरवर डोकं आपटलं. कपाळ चोळत वर आले तर समोर तो... खांद्यांवर भुरभुर पावसाचे थेंब, आणि झोपलेलं पोर कडेवर घ्यावं तसा छातीशी धरलेला एक स्लो कुकर. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण.

"लागलं?" त्यानं विचारलं.

"दुकान माझंच आहे. सवय आहे."

आतल्या टेबलावर वायर सोलत बसलेले बाबा खाकरले. दुकान त्यांचं होतं.

आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. आलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर बिघाड लिहायचा. गिऱ्हाइकाला आधी बिघाड सांगायचा, मगच स्क्रूला हात लावायचा. कुणाच्या मिक्सरची मोटर जळलेली असो की कुणाच्या आईची शेवटची आठवण असलेला रेडिओ कायमचा गेलेला असो, सांगायचं. या कामी माझी जीभ सडेतोड होती. लोक मला फटकळ म्हणायचे आणि तरी माझ्याकडेच यायचे.

मी कुकर उघडला. आतला फ्यूज उडाला होता, एक वायर करपली होती. चिठ्ठी लिहून बांधली.

"आणि माझी चिठ्ठी?" तो म्हणाला.

"तुमचा काय बिघाड?"

त्यानं कुकरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, "ते रविवारी सांगतो. चालवून बघायला येईन तेव्हा."

*

रविवारी दुकान बंद असायचं. दुकानामागेच आमचं घर, दोन खोल्या आणि अंगणाकडे खिडकी असलेलं स्वयंपाकघर. बरोबर नऊला तो पिशवी घेऊन दारात उभा.

"पाहुणे आले गं," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून त्याचं नाव पाहुणेच पडलं. मला तो इंजिनीयर म्हणायचा.

कांद्याच्या जाड चकत्या त्यानं तळाशी अंथरल्या, बिछाना घालावा तशा. कोंबडीचे हाडासकट तुकडे तव्यावर सोनेरी करून वर मांडले. लसूण ठेचला, टोमॅटो हातानंच कुस्करले, लिंबाच्या चकत्या खोचल्या, वाळलेला ओरेगॅनो तळहातावर चोळून भुरभुरवला. शेवटी ऑलिव्हची बाटली उघडली, ऑलिव्ह ओतले आणि बाटलीतलं निम्मं पाणीही.

"वेगळं पाणी घालायचं नाही," तो म्हणाला. "यात वाफ बाहेर जातच नाही. जे आत घालाल तेच शेवटपर्यंत आत राहतं."

"हे कुठलं म्हणायचं जेवण?"

"भूमध्य समुद्राकाठचं."

"तुम्ही पाहिलाय तो समुद्र?"

"नकाशात. निळा आहे."

मी हसले. त्यानं झाकण ठेवलं, कळ मंद आचेवर फिरवली. "आता तीनपर्यंत हात लावायचा नाही. एकदा झाकण उघडलं की अर्धा तास वाढला."

मग घर हळूहळू भरत गेलं. आधी लसूण आला, मग लिंबू, मग तेलात विरघळलेला टोमॅटो. बाबा वर्तमानपत्र वाचता वाचता नाक वर करत होते. मी म्हणाले, "काय वास सुटलाय." तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "असेल."

"असेल म्हणजे?"

"मला येत नाही वास. हाच माझा बिघाड." ओट्याच्या कडेवरून तो बोट फिरवत राहिला. "दोन महिने झाले. ताप उतरला तो नाक आणि जीभ दोन्ही घेऊन उतरला. डॉक्टर म्हणतात, येईल परत. कधी ते नाही सांगत. हॉटेलवाल्यांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग दुसरा आचारी पाहिला."

"मग हे सगळं केलंत कसं?"

"आठवून."

एवढंच म्हणाला. मी कुकरकडे बघितलं.

"लसूण करपायला लागला की आधी नाकाला कळतं, मग डोळ्याला. म्हणून शेगडीला घाबरतो आता. हा बिचारा घड्याळावर चालतो." त्यानं कुकरच्या झाकणावर हलकेच टिचकी मारली. "फक्त चाखायला कुणीतरी लागतं."

तीन वाजता झाकण उघडलं. चमच्यावर रस घेऊन, खाली तळहात धरून, त्यानं तो माझ्या ओठांशी आणला. आणि बघत राहिला. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं... जणू त्याचं उरलेलं सगळं आयुष्य माझ्या जिभेवर येऊन थांबलंय.

रस खारट होता. चांगलाच खारट. पुढे कधीतरी बोलण्याच्या ओघात कळलं, हॉटेलात ऑलिव्ह तेलातले यायचे. हे बाटलीतले मिठाच्या पाण्यातले होते, आणि त्या पाण्यावर त्यानं जुन्याच हिशेबानं मीठ घातलं होतं.

"कसं झालंय?"

"छान," मी म्हणाले. "अगदी छान."

त्याचे खांदे खाली आले. त्यानं खिशातून वही काढली आणि मापं लिहून घेतली.

तो गेल्यावर बाबा दुसरा तांब्या रिकामा करत म्हणाले, "अख्खा समुद्र ओतलाय यात. नकाशातला नव्हे."

"बाबा, तुम्ही काही बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतो. पण तू तर परक्यांच्या तोंडावर सांगतेस, तुमची इस्त्री मेली म्हणून."

मी भांडी घासत राहिले.

*

असे अकरा रविवार झाले. कुकर केव्हाच बरा झाला होता. तो परत नेण्याची आठवण त्यानं केली नाही, मीही करून दिली नाही. नऊ ते तीन, सहा तास. सहा तासांत माणसं काय काय बोलतात. त्याची ताई, तिचा नवरा आणि त्याचं पार्सलचं ऑफिस, त्याला भांडी घासण्यापासून शिकवत नेणारा म्हातारा मुख्य आचारी. मी त्याला वायर सोलायला शिकवलं. त्यानं मला कांदा न रडता कापायला शिकवला, तरी मी रडायचेच, आणि तो बाहीनं माझे डोळे टिपायचा. पाचव्या रविवारी तो तुम्हीवरून तूवर घसरला, दचकला, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सहाव्या रविवारी मीही घसरले.

"तुझ्या हातावर लिंबाचा वास येत असेल आता," तो एकदा म्हणाला.

"येतो. बघ."

त्यानं माझा तळहात नाकाशी धरला. बराच वेळ. "नाही येत," म्हणाला. पण हात सोडला नाही.

सातव्या रविवारी मी धीर केला. तो चमचा, ती नजर, आणि मी म्हणाले, "मीठ... जरासं..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चमचा भांड्यात परत गेला. "इतके दिवस बरोबर होतं ना? आज चुकलं? म्हणजे आता आठवणीतूनही जायला लागलं." तो पाठ फिरवून पिशवी आवरू लागला.

"अरे, थांब... माझी जीभ पोळलीय सकाळी चहानं," मी म्हणाले. "उगाच म्हणाले. बरोबर आहे."

तो थांबला. वळला. हसला. त्या हसण्यासाठी मी आणखी कितीही खारट गिळलं असतं.

बाबा रात्रीच्या पानावर एवढंच म्हणाले, "बिघाड लपवून वस्तू चालत नाही गं. थोडे दिवस चालल्यासारखी वाटते."

*

मग त्याच्याकडे एक बाई आली. नदीपलीकडे नवीन जेवणघर उघडणार होती, तिला असंच समुद्राकाठचं जेवण करणारा आचारी हवा होता. पुढच्या शनिवारी रात्री तिच्याकडे दहा माणसं जेवायला होती. आवडलं तर जागा त्याची.

"नाकाचं सांगितलंस?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? नाक नसलेला आचारी कोण ठेवेल? पण माझ्याकडे वही आहे. आणि तू आहेस."

शनिवारी त्यानं आमच्याच ओट्यावर कुकर लावला, शेजारणीचा आणखी एक मोठा मागून आणला. तीन वाजता चमचा माझ्यासमोर आला. अजून वेळ होता. रस काढून घेता आला असता, साधा शिजवलेला टोमॅटो वाढवता आला असता, धुतलेले चणे घालता आले असते. सहा वाजेपर्यंत सगळं सावरलं असतं. एक शब्द बोलायचा होता. पण तो शब्द बोलायचा म्हणजे आधीचे अकरा रविवार खोटे पडत होते... आणि मग तो माझ्याकडे कधीच तसा बघणार नव्हता.

"उत्तम," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटून घेतले, माझ्या कपाळावर ओठ टेकवले, आणि दोन्ही भांडी घेऊन गेला.

रविवारी नऊला आला नाही. दुपारी आला, रिकामी भांडी घेऊन.

"ताटं परत आली," तो म्हणाला. "अर्धी-अर्धी. बाई चांगली आहे, काही बोलली नाही. कळवते म्हणाली." मग माझ्याकडे बघितलं, पण ती नजर नव्हती, एखाद्या हरवलेल्या पोराची होती. "मापं तीच. वेळ तोच. तूही चाखलंस. मग काय चुकलं असेल?"

आत बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र वाजायचं थांबलं.

"त्या लोकांनाच कळलं नसेल," मी म्हणाले.

तो मान हलवत राहिला. "नाही गं. सगळं बरोबर असून चव उतरत नाही, म्हणजे हातच गेला."

पंधरवड्यानं त्यानं ताईच्या नवऱ्याचं पार्सलचं ऑफिस धरलं, आठ तासांच्या गाडीप्रवासावरचं. निघताना म्हणाला, "येतेस का माझ्याबरोबर?" आणि मला माझं खोटं आठवलं. ज्याचा हात मी माझ्या जिभेनं घालवला त्याच्या घरात रोज कशी जेवणार होते मी? म्हणाले, "बाबांना एकटं कसं टाकू?" बाबा ऐकत होते. तेही खोटंच होतं.

*

सात वर्षं गेली. मला दोन स्थळं आली आणि गेली. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, बारीक वायर दिसेना, आम्ही दुकान आवरायला घेतलं. शेवटच्या दिवशी उरलेल्या वस्तू घरोघरी पोचवून आलो, तेव्हा बाबा रिकाम्या फळीवर हात फिरवत म्हणाले, "चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला बिघाड सांगितल्याशिवाय पाठवलं नाही. एक सोडून."

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली.

पार्सलचं ऑफिस लांबलचक होतं, खोक्यांच्या रांगा, चिकटपट्टीचा करकर आवाज. तो वजनकाट्यापाशी उभा होता. कानांवर पांढरे केस. मला बघून त्याच्या हातातला शिक्का तसाच हवेत राहिला.

"इंजिनीयर," तो म्हणाला. मग, "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

जेवणाची सुट्टी झाली. मागच्या दारात, खोक्यांवर आम्ही बसलो. त्यानं डबा उघडला. पाव आणि दोन उकडलेली अंडी.

"घरी कोण करतं?" मी विचारलं.

"मी एकटाच. हे बाहेरून आणतो."

"वास... आला का परत?"

"आला की. दोन वर्षांनी, एका सकाळी. साबणाचा आला आधी." तो पावाचा तुकडा मोडत हसला. "मग सगळा आला. जीभही आली."

"मग स्वयंपाक..."

"नाही केला. भांडं हातात घेतलं की ती ताटं दिसतात. जीभ असून काय करायचं, हातच गेला तर? काहींचा जातो. माझा गेला." त्यानं डबा माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही घ्या ना एक अंडं. लांबून आलात."

मी डबा बाजूला ठेवला. त्याच्याकडे बघितलं.

"हात नव्हता गेला. खारट होतं. पहिल्या रविवारपासून खारट होतं, बाटलीतलं पाणी घालायचास त्यानं. मला पहिल्याच चमच्याला कळलं होतं. ऑलिव्ह धुऊन घे, एवढंच म्हणायचं होतं, आणि मी नाही म्हणाले, कारण चमचा पुढे करून तू माझ्याकडे जे बघायचास ना... ते मला दर रविवारी हवं होतं. माझं तुझ्यावर प्रेम होतं रे. त्या प्रेमापायी मी तुझं काम खाल्लं."