हवेचा स्क्रू

दादाचं इंजिन निळ्या कंपनीचं होतं. वीस वर्षं त्यानं घरात दुसऱ्या कंपनीचं नाव काढू दिलं नाही. दादा बुडाला, पण इंजिन होडीसकट खडकांपाशी अडकलेलं सापडलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ते माझ्या डोळ्यांसमोर नको." मी ते विकलं आणि काळ्या कंपनीचं एक जुनं इंजिन आणलं.

मी आउटबोर्ड इंजिनांचा मेकॅनिक. होडीच्या मागे अडकवायची ही इंजिनं दिसायला सख्खी भावंडं, पण एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. निळ्याची नळी काळ्याला बसत नाही. त्यामुळे टाकी, नळी, नळीतला पेट्रोल चढवायचा रबरी फुगा, सगळं नव्यानं घेतलं. दादाचा हात लागलेलं त्यात काहीच उरलं नाही. मला तेच हवं होतं.

अंगणात पाण्याच्या पिंपावर इंजिन चढवलं. कार्ब्युरेटर खोलून धुतला, प्लग बदलले, स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे करत आवाज बसवला. छान चालू लागलं. बारा मिनिटांनी आवाज खाली आला, धाप लागल्यासारखा, आणि बंद.

जुन्या मालाचे नखरे असायचेच. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बारा मिनिटं. पंपाचा पडदा बदलला, गाळणी बदलली. बारा मिनिटं. शेजारचा सुतार कुंपणावरून म्हणाला, "नवी नवरीच म्हणायची, दुसऱ्याच्या घरून आलीय ती. नांदू दे की जरा!" मी हसलो. मग फुग्याला हात लावला आणि हसू मावळलं. फुगा पार चपटा झाला होता.

असं बहुधा एकाच कारणानं होतं. टाकीत हवा जावी म्हणून झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. तो उघडायचा राहिला, तर इंजिन आधी मजेत चालतं आणि मग पेट्रोल येईनासं होतं. पण स्क्रू उघडा होता. मी दहा वेळा पाहिला होता. गेले सात महिने मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्या दिवशी दादाची टाकी मीच भरून होडीत ठेवली होती. नेताना सांडू नये म्हणून स्क्रू घट्ट आवळला आणि उघडायचा विसरलो. टाकी होडीत ठेवील त्यानं स्क्रू उघडायचा, हा आम्हा भावांचा नियम. दादानं म्हणूनच पाहिलं नसणार. खडकांपाशी पाण्याला ओढ एवढी, की कारण शोधायला वेळच मिळत नाही. होडी सापडली तेव्हा सगळ्यांत आधी मी पोचलो. मी स्क्रू उघडला आणि सगळ्यांना सांगितलं, इंजिनानं दगा दिला.

चौथ्या दिवशी काळं इंजिन आपोआप सुधारलं. आठवडाभर कुरकुर नाही. कारण न सापडता सुधारलेलं इंजिन मला आवडत नाही.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकदा मला तिथं घेऊन चला. दुसऱ्या कुणाच्या होडीत मी पाय ठेवणार नाही." दादा शेवटपर्यंत मिळालाच नव्हता. त्यांना निदान जागा पाहायची होती. नाही कसं म्हणणार?

सकाळचं ऊन होतं, वारा नव्हता. स्क्रू मी त्यांच्या देखत उघडला. त्या मधल्या फळीवर बसल्या.

खडक दिसू लागले आणि आवाजाला धाप लागली. मी घड्याळ पाहिलं नाही.

इंजिन बंद. स्क्रू उघडा. फुगा चपटा.

मी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. ओढत राहिलो. हात भरून आले. होडी हळूहळू खडकांकडे सरकत होती.

"त्यांचंही असंच झालं का?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"मग हेही इंजिन तसलंच निघालं म्हणायचं."

"इंजिनाचा दोष नाही, वहिनी. याचा नाही आणि त्याचाही नव्हता. टाकीचा स्क्रू मी बंद ठेवला होता. दादा माझ्या भरवशावर गेला." बोलता बोलता मला रडू फुटलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. "इतके दिवस त्या लोखंडाला शिव्याशाप दिले मी," त्या म्हणाल्या. "आता कुणाला देऊ?"

"मला द्या."

मी पुन्हा फुगा मुठीत धरला. माझ्या मुठीतला फुगा हळूहळू भरत आला. मी तो दाबला नव्हता.

"ओढा दोरी," त्या म्हणाल्या.

पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं.

मी होडी वळवली. वेग जाताना होता तेवढाच ठेवला होता, तरी इंजिन जड ओढत होतं. ओझं वाढलं की असा आवाज येतो. दोन माणसांचा हा आवाज नव्हता.

"वहिनी, नीट बसलात ना?"

"हो."

त्या शेजारी एका माणसाची जागा सोडून फळीच्या अगदी कडेला सरकून बसल्या होत्या. होडी त्या बाजूला कलायला हवी होती. ती सरळच चालली होती.