अर्धं मशीन माझं

मी चिडले की माझ्या तोंडून मराठी बाहेर पडतं. एरवी दोहात घराबाहेर मी हिंदी किंवा इंग्रजीच बोलते. पण त्या शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारवाल्याच्या आवारात मी ॲल्युमिनियमचा एक लांब चौकोनी पाइप उचलला, आणि त्याचं दुसरं टोक कुणीतरी आधीच धरलेलं निघालं. उंच मुलगा, डोक्यावर कंपनीची टोपी, अंगभर घाम. आणि हसत होता!

"भाईसाब, छोड़िए."

"मॅडम, पहले मैंने पकड़ा."

"काय चिवट माणूस आहे!" मी पुटपुटले.

"चिवट तुम्ही आहात," तो सरळ मराठीत म्हणाला. "मी राजापूरचा आहे."

वर पुन्हा हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला तो पाइप हवाच होता. मी एका इंटिरिअरच्या कंपनीत ड्रॉइंग काढते, हॉटेलांचे लाउंज, रिसेप्शन वगैरे. घरी मात्र मी लाकडी जाळीच्या दिव्यांची स्वतःची डिझाइन काढली होती. ती कापून घ्यायला सगळी वर्कशॉप पालथी घातली. दोहात फुटबॉलचा वर्ल्ड कप भरायचा होता, त्यामुळे एकच उत्तर. "पाच पॅनेल? वर्ल्ड कपनंतर या." रस्ता दुरुस्त कधी होणार? वर्ल्ड कपनंतर. साहेब, सुट्टी? वर्ल्ड कपनंतर. या शहराने जणू श्वाससुद्धा वर्ल्ड कपनंतर घ्यायचं ठरवलं होतं. शेवटी मी म्हटलं, खलास! लाकूड कापायचं मशीन मी स्वतःच बनवते. कॉम्प्युटरने चित्र सांगायचं, मोटरींनी कटर फिरवायचा. तयार मशीन माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून मोटरी चीनहून मागवल्या आणि सांगाड्यासाठी भंगारात आले.

"तुम्हाला कशाला हवाय?" मी दरडावलं.

"सीएनसी राउटर बनवतोय. घरगुती."

म्हणजे माझंच मशीन! मी पाइप सोडलाच. आश्चर्याने, बरं का, हार मानून नाही.

त्याचं नाव जियाद. एका स्टेडियमच्या दिव्यांच्या वायरिंगवर होता, राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत. त्याच्याकडे एका मोडक्या पॅकिंग मशीनचे सरकणारे रेल आणि लांब स्क्रू होते, आणि मशीन ठेवायला जागा म्हणजे स्वतःच्या पलंगाखालची. माझ्याकडे मोटरी होत्या, कंट्रोलर होता आणि अबू हमूर भागातल्या आमच्या भाड्याच्या व्हिलाच्या गच्चीवर सामान टाकायची एक खोली.

"मला गावी पाट्या कोरायचं दुकान टाकायचंय," तो म्हणाला. "घरांच्या, दुकानांच्या. अर्धं तुमचं, अर्धं माझं?"

"जागा माझी आहे," मी म्हणाले. "म्हणून पाइप मीच नेणार."

तो जुम्म्याची नमाज आटपून दर शुक्रवारी यायला लागला. परका मुलगा गच्चीवर, म्हणून अम्मी जिन्यात खुर्ची टाकून बसायची. पहिल्याच दिवशी त्याने तिला "चाची, तुमचे घावणे अगदी आमच्या घरच्यासारखे" असं सांगितलं, आणि अम्मी फितूर झाली. अब्बा क्लार्क, हमद बंदरावर. ते संध्याकाळी वर यायचे आणि मशीनबद्दलचे सगळे प्रश्न त्यालाच विचारायचे. डिझाइन माझं, हिशेब माझा, आणि विचारणार त्याला! तो दरवेळी म्हणायचा, "चाचा, ते हनियाला माहीत." तरी अब्बा पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच.

चौकट उभी राहिली तेव्हा ती काटकोनात आहे का बघायला दोन्ही कर्ण मोजायचे होते. हे काम एकट्याने होत नाही. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या.

"किती आलं?" मी विचारलं.

"…थांबा, बघतोय."

"टेप खाली आहे. माझ्याकडे काय बघताय?"

"तुमच्या भुवईवर भुसा आहे."

"मोजा!"

मोजलं. चुकीचं मोजलं. पुन्हा मोजावं लागलं, आणि त्याची चूक होती हे त्याने कधीच कबूल केलं नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा मोजताना चूक माझीही झाली.

पहिल्यांदा मशीन सुरू केलं त्या दिवशी तर कहरच झाला. कटर ज्यावर सरकतो त्या आडव्या पुलाला दोन बाजूंना दोन मोटरी, दोघींनी एकाच दिशेला जायचं. त्याने एकीची वायर उलट जोडलेली. एक पुढे निघाली, दुसरी मागे, आणि पूल वाकडा होऊन किंचाळायला लागला. मी बंद करायला झेपावले… तर माझ्या ओढणीचं टोक फिरत्या स्क्रूमध्ये! मला कळायच्या आत जियादने भिंतीतून प्लगच उपटला.

"अक्कल आहे का तुला? ओढणी घेऊन मशीनवर वाकतेस? गळ्याला फास बसला असता म्हणजे!"

तो पांढराफटक पडला होता. आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता, तेही ओरडून.

"वायर तू उलटी जोडलीस!" मीही ओरडले.

जिन्यातून अम्मीने "काय झालं गो?" विचारलं. दोघंही एकदम म्हणालो, "काही नाही." त्याने स्क्रू हाताने उलटा फिरवत फिरवत माझी ओढणी सोडवली, हळूहळू, एक धागा न तोडता. मला भयंकर राग आला होता. त्याने ती घडी करून माझ्या हातात ठेवली, तेव्हा माझा राग नेमका कशावर होता ते मलाच सांगता येईना.

मग दिवे झाले. माझ्या जाळीतून गच्चीच्या भिंतीवर नक्षीदार सावली पडली आणि अब्बांनी पहिला प्रश्न मला विचारला. शहरभर झेंडे लागले. पाहुण्यांसाठी शहर सजलं, आणि ज्यांनी ते उभं केलं त्यांना घरी पाठवायला सुरुवात झाली. काम संपलं, शुक्रन, आभारी आहोत, या आता.

एका शुक्रवारी जियाद आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"माझं तिकीट आलंय. पुढच्या आठवड्यात."

मी कटर पुसत राहिले.

"मशीन तूच ठेव. पूर्ण. माझ्याकडून."

"आणि तुझं दुकान?"

"बघू."

झालं! माझं डोकंच फिरलं. मी पाना उचलला आणि त्याच्या रेलचे बोल्ट सोडायला लागले.

"हनिया, काय करतेस?"

"तुझं अर्धं तुला देतेय. घेऊन जा! खैरात नकोय मला."

"विमानात कसं नेऊ?"

"तो तुझा प्रश्न! दोन वर्षं दर शुक्रवारी घावणे खाल्लेस, टेप सोडून माझ्याकडे बघत बसलास, आणि आता मशीन देऊन सुटतोस? दुसरं काही बोलायचं नाही का तुला?"

तो अगदी हळू म्हणाला, "बोलायचंय… पण नोकरी मिळू दे. वर्ल्ड कपनंतर…"

"तू पण?" मी पाना आपटला. "तू पण वर्ल्ड कपनंतर?"

"मग काय करू? नोकरी नाही, उद्या राहायला खोली नाही. चाचांसमोर काय म्हणून उभा राहू? आवडतेस तू मला. भंगारात पाइप ओढत होतीस ना, तेव्हापासून. बास? आता सांग, रिकाम्या हाताने काय मागू त्यांच्याकडे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला रागच आला.

"तू नको मागूस," मी म्हणाले. "मी मागते."

मी जिना उतरले. मागून तो "अगं थांब, थांब" करत. जिन्यात अम्मीने घाईघाईने खुर्ची बाजूला घेतली. तिने सगळं ऐकलं होतं. अब्बा हॉलमध्ये चहा पीत होते.

"अब्बा, मला जियादशी लग्न करायचंय."

अब्बांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"याची नोकरी तर चालली ना?"

"मला आहे, अब्बा."

जियाद माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, टोपी तशीच हातात.

"चाचा, कष्टाला मी कमी पडणार नाही."

अब्बांनी दाढी खाजवली.

"राहणार कुठे तुम्ही?"

"इथे," जियाद म्हणाला.

"राजापूरला," मी म्हणाले.

एकदमच म्हणालो. मी गर्रकन त्याच्याकडे वळले.

"इथे कशाला? तुझं दुकान आहे ना तिकडे!"

"आणि तुझी नोकरी? तुझे दिवे?"

"दिवे तिकडे लागत नाहीत का?"

"मी इथे पुन्हा काम शोधेन!"

"तू माझं ऐकून घेणार आहेस का?"

"तू कधी ऐकलंस माझं?"

अब्बा आमच्याकडे बघत राहिले. मग अम्मीला म्हणाले, "राजापूरचा फोन नंबर घे याच्याकडून. यांचं भांडण काही आज संपायचं नाही."

अम्मी नंबर लिहून घेत होती आणि आम्ही भांडत होतो. भांडता भांडता त्याने माझा हात कधी धरला मला कळलंच नाही. कळलं तेव्हाही मी तो सोडवला नाही, आवाज मात्र खाली आणला नाही.