तिल्डा आणि न सुकणारा डाग

"पूस! लवकर पूस! अगं तिकडे नाही, डावीकडे!"

पंचांचा हात वळला त्या दिशेला तिल्डा होव्हलंड टॉवेल घेऊन धावली. गुडघ्यांवर बसून तिने बास्केटखालची लाकडी जमीन खसाखसा पुसली आणि शिट्टी वाजायच्या आत रेषेबाहेर पळाली. सुट्टीत बारा वर्षांच्या मुलीला याहून भारी काम कुठलं मिळणार? आठ कॉलेजांच्या मुलींची कॉन्फरन्स स्पर्धा आणि तीही तिच्याच गावात! शिवाय आजच्या सेमीफायनलमध्ये वॉर्डेल कॉलेजकडून खेळत होती तिची सख्खी बहीण, कॅरिन.

दोन मिनिटं झाली नसतील, तोच कॅरिन चेंडू घेऊन सुसाट आली, बास्केटच्या डावीकडे वळली आणि सर्रकन तिचा पाय सटकला!

ती गुडघ्यावर आपटली. गेल्याच वर्षी ऑपरेशन झालेला गुडघा होता तो!

कॅरिन उठली. गुडघा शाबूत होता. वॉर्डेलने सामनाही जिंकला. पण शेवटची शिट्टी झाल्या झाल्या जमीन-प्रमुख मिस्टर टॉलेफसन तिल्डासमोर येऊन उभे राहिले.

"काय गं, पुसतेस की गोंजारतेस?"

"मी नीट पुसलं होतं! पुन्हा ओलं झालं!"

"आपोआप? उद्या फायनलला तू टॉवेलला हात लावायचा नाहीस!"

त्याहून वाईट गोष्ट तिल्डाच्या कानावर पडली ती बाकाशेजारी. कोच ब्रेनन कॅरिनला सांगत होत्या, "जमीन अशीच राहिली, तर उद्या तू बाकावर बसणार. गुडघा पुन्हा गेला, तर जन्मभर प्रत्येक जिन्यावर मला शिव्या घालशील."

"कोच, माझं शेवटचं वर्ष आहे! चार वर्षं मी या फायनलची वाट बघितलीय!"

"म्हणून तर सांगतेय," कोच म्हणाल्या आणि तोंड फिरवून निघून गेल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

तिल्डाने टॉवेल खुर्चीवर आपटला आणि थेट आपली मैत्रीण मारिबेल हिच्या आईची खाण्याची गाडी गाठली. तिथे मारिबेल आणि तिल्डाचा मावसभाऊ वेंडल चिप्सच्या फाडलेल्या पुडीत ओतलेला गरमागरम खिमा चापत होते. वेंडल तेरा वर्षांचा. प्रत्येक सामन्याची वहीत नोंद ठेवल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"तीन दिवसांत अकरा जणी पडल्या," खिमा लागलेल्या बोटाने त्याने वही उघडली. "मी मैदानाचं चित्र काढून फुल्या मारल्यात. ही बघ! नऊ फुल्या एकाच जागी."

"कोणीतरी तिथे सोडा सांडत असेल," मारिबेल म्हणाली.

"सोडा चिकट असतो. हे साधं पाणी होतं," तिल्डा म्हणाली. "आणि थंडगार! मार्चमध्ये बर्फ वितळताना नदीत बोट बुडवलं की लागतं ना, तस्सं..."

बोलता बोलता ती थांबली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. याच हॉलमध्ये अख्खा हिवाळा त्यांनी बर्फावरच्या हॉकीचे सामने बघितले होते. चार दिवसांच्या बास्केटबॉलसाठी कोणी बर्फ वितळवत बसत नाही. बर्फावर काळे जाड तक्ते टाकतात आणि त्यांच्यावर लाकडी जमीन जोडतात.

"म्हणजे पाणी वरून सांडत नाहीये," वेंडल पुटपुटला.

"खालून गारठा येतोय! बर्फ घातलेल्या सरबताच्या ग्लासावर थेंब जमतात, तसे जमतायत!" तिल्डा ओरडली.

रविवारी सकाळी दहा वाजता तिघं मैदानाच्या कडेला हजर झाले. मारिबेलने खिशातून मांस शिजलं की नाही ते तपासायचं तापमापक काढलं.

"आईला कळलं तर?" वेंडलने विचारलं.

"कळणारच. आईला सगळं कळतं. फक्त लवकर आटप!"

त्यांनी बास्केटच्या उजवीकडे तापमापकाचं टोक जमिनीला टेकवलं. एकसष्ट अंश फॅरनहाइट! मग डावीकडे, फुल्यांच्या जागी टेकवलं. काटा घसरत घसरत त्रेचाळीसवर आला.

"हे मांस काही शिजलेलं नाही!" मारिबेल म्हणाली.

"खालचे तक्तेच गायब असणार! पण एवढे मोठे तक्ते जातील कुठे?" तिल्डा म्हणाली.

"जपून! आमचा गालिचा तुडवू नका!" मागून दरडावणी आली.

वॉर्डेलच्या बँडमध्ये ट्यूबा हा भलामोठा पितळी कर्णा वाजवणारी मुलगी होती ती. बर्फ साफ करणारं यंत्र ज्या दारातून येतं, त्या दाराशी, नुसत्या सिमेंटवर बँडच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आणि खुर्च्यांखाली होते दोन काळे जाड तक्ते! त्यांवर पांढऱ्या रंगात आकडे होते, सव्वीस आणि सत्तावीस.

"हे कुठून आणलेत?" वेंडलने जमेल तितक्या साळसूदपणे विचारलं.

"मिस्टर टॉलेफसननी दिले. बुधवारी सरावाला आमच्या पायांचे बर्फाचे गोळे झाले होते रे! किती भला माणूस!"

भला माणूस मात्र ऐकायलाच तयार नव्हता.

"दोनच तर तक्ते! त्यांच्या जागी मी प्लायवूड टाकलंय. तीस वर्षं जमीन टाकतोय मी, कळलं? तिथे काही गार-बिर नाही!"

तेवढ्यात मुख्य पंच मिसेस व्हॉन कोच ब्रेननबरोबर मैदानात येताना दिसल्या. तिल्डाने आवाज मुद्दाम चढवला.

"मग नुसत्या मोज्यांवर तिथे पाच मिनिटं उभे राहून दाखवा!"

"नको गं, जमायचं नाही त्यांना," मारिबेल लगेच म्हणाली. "वयही झालंय."

"कुणाचं वय झालंय?" टॉलेफसननी बूट भिरकावले.

पहिलं मिनिट ते ऐटीत उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला आपल्या तरुणपणीच्या हिमवादळाची गोष्ट सांगू लागले. तिसऱ्या मिनिटाला गोष्ट थांबली. चौथ्या मिनिटाला भला माणूस बगळ्यासारखा एका पायावर उभा! वेंडलने घड्याळ वर धरलं. "पाच!" टॉलेफसननी टुणकन उडी मारली. कोरड्या लाकडावर दोन ओली पावलं उमटली, अगदी अंगठ्यांसकट!

मिसेस व्हॉननी त्या पावलांकडे पाहिलं. मग टॉलेफसनकडे.

"सामना दोन वाजता आहे. ही जागा दुरुस्त झाल्याशिवाय मी शिट्टी तोंडाला लावणार नाही."

टॉलेफसननी एक मोजा काढून पिळला. टपकन थेंब पडला. ते कानांपर्यंत लाल झाले. मग एकदम गरजले, "बघत काय बसलात? उचला ते तक्ते!"

काय धांदल उडाली! कुरकुरत का होईना, ट्यूबावालीनेच पहिला तक्ता खांद्यावर घेतला. मजुरांनी कडेपासून जमिनीचे तुकडे सोडवत आणले. चिंब भिजलेलं प्लायवूड निघालं, आणि त्याखाली धुरकट बर्फ. बर्फात हॉकीची निळी रेघ चमकत होती! तक्ते बसले, लाकूड पुसलं, मोठे पंखे लावले. दीड वाजता मारिबेलने पुन्हा तापमापक टेकवलं. छप्पन्न आणि चढतंय!

कोच ब्रेनननी त्या जागेवर स्वतः तीनदा उड्या मारल्या. मग वळून ओरडल्या, "कॅरिन, बूट बांध!"

आणि टॉलेफसननी स्वतःहून तिल्डाच्या हातात टॉवेल ठेवला.

फायनल कशी झाली म्हणता? शेवटचे नऊ सेकंद उरले होते आणि वॉर्डेल एका गुणाने मागे! चेंडू कॅरिनकडे आला. समोरच्या दोघींनी उजवी बाजू अडवली. उरली फक्त डावी. तिल्डाने टॉवेल छातीशी आवळला. कॅरिन क्षणभरही न अडखळता डावीकडे घुसली, त्याच जागी पाय रोवला, बुटाचा 'चुईं' आवाज झाला आणि ती उडाली!

चेंडू रिंगवर नाचला, आणि आत पडला. साठ विरुद्ध एकोणसाठ!

मग शिडी आली आणि रिवाजाप्रमाणे विजेत्या मुली एकेक करून जाळीचा धागा कापू लागल्या. कॅरिनने आपला धागा कापला आणि वरूनच हाक मारली, "ए टॉवेलवाली! तुम्ही तिघंही या वर!"

"ज्या गोष्टीवर आम्ही सगळे मोठे तीन दिवस पाय देऊन चालत होतो, ती या पोरांनी शोधून काढली!" मिसेस व्हॉननी माइकवरून सांगितलं. टाळ्या थांबेनात. मारिबेलच्या आईने लेकीला आधी मिठी मारली आणि मग तापमापक मागितलं.

सगळ्यांत शेवटी आले टॉलेफसन. त्यांनी खिशात हात घातले, छताकडे पाहिलं, घसा खाकरला.

"वाईट नाही," ते म्हणाले.

वेंडलच्या हातून वहीच पडली! त्या मुलखात कोणाचा गोठा वादळातून वाचवला, तरी याहून मोठं कौतुक कोणी करत नाही.

तिल्डाने शिडीवरून खाली, त्या डावीकडच्या लखलखीत कोरड्या जागेकडे पाहिलं.

"तुमची जमीनही," ती म्हणाली.